पहिला रिपोर्ट दाखवू नको

गंगाखेडच्या जुन्या घरांत कपाटावर किंवा गादीखाली हमखास एक मोठं पाकीट सापडतं. कडा दुमडलेल्या, वर कुठल्यातरी एक्स-रे सेंटरचं नाव अर्धवट पुसलेलं. आत 14 बाय 17 इंचांची काळी फिल्म. घरातले तिला एक्स-रे म्हणत नाहीत. तो ‘छातीचा फोटो’ किंवा ‘कमरेचा फोटो’ असतो. माणूस जाऊन दहा वर्षं झाली तरी फोटो टाकवत नाही. आणि त्या पाकिटाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या एक सल्लाही चालत आलेला असतो. परभणीला, लातूरला किंवा पुण्याला दुसऱ्या डॉक्टरकडे निघालेल्याला घरातलं जाणतं माणूस हळूच सांगतं : “फोटो दाखव. पहिला रिपोर्ट दाखवू नको.”

डॉक्टरांना हा सल्ला बिलकूल आवडत नाही. त्यामागे पेशंटचा लबाडपणा दिसतो, परीक्षा घेतल्यासारखं वाटतं. पण गोदाकाठच्या या तालुक्याच्या गावानं जी गोष्ट अनुभवातून उचलली, तिच्यापर्यंत वैद्यकशास्त्र आकडेमोड करत पोचलं तेव्हा विसावं शतक अर्धं सरत आलं होतं.

दुसरं मत घेण्याची चाल फोटोपेक्षा फार जुनी. एका वैद्यानं नाडी पाहिली की दुसऱ्याला दाखवायची, वैद्यानं हात टेकले की हकिमाकडे जायचं, आणि दोघांनीही मान हलवली की देवाला कौल लावायचा. डावा कौल आला म्हणून पुन्हा लावणारेही होतेच. त्या अर्थानं देवाचंही दुसरं मत घेतलं जाई. गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. इथं गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात, आणि दूरदूरची माणसं अस्थी घेऊन इथल्या घाटावर येतात. बाहेरची माणसं शेवटच्या विधीसाठी या गावात येत असताना गावातली माणसं मात्र शेवट लांबावा म्हणून पाकीट काखेत मारून बाहेर पडत.

जुन्या पद्धतीत एक अडचण होती. नाडी माणसाच्या हातातच असते. दुसऱ्या वैद्याला ती दाखवायची तर आजारी माणसालाच बैलगाडीत घालून न्यावं लागे, किंवा वैद्याला घरी आणावं लागे. विलायतेतही फार वेगळं नव्हतं. मँचेस्टरच्या थॉमस पर्सिव्हल यांनी 1803 साली डॉक्टरांच्या आचारधर्मावर पुस्तक लिहिलं. त्यात अनेक डॉक्टर एका रोग्याभोवती जमले तर कुणी कसं बोलावं याचे नियम आहेत. त्यातला एक मोठा शहाणा आहे : सर्वांत तरुण डॉक्टरानं आपलं मत आधी सांगावं, ज्येष्ठांनी नंतर. ज्येष्ठ आधी बोलला की धाकट्याच्या तोंडून वेगळं मत निघत नाही, हे पर्सिव्हल यांना ठाऊक होतं. गंगाखेडची आजी रिपोर्ट लपवायला सांगते ती याच कारणासाठी. एकदा कागदावर ‘डाग आहे’ असं छापलं की दुसऱ्याचे डोळे डागच शोधतात.

8 नोव्हेंबर 1895 ला जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये विल्हेल्म राँटगेन यांना अंधाऱ्या खोलीत त्या अज्ञात किरणांचा पत्ता लागला. त्याच वर्षी 22 डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं. बोटांची हाडं आणि अंगठी दिसणारं ते चित्र जगभर गाजलं. राँटगेन यांनी शोधाचं पेटंट घेतलं नाही, त्यामुळे यंत्रं झपाट्यानं पसरली. 1901 चं भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल त्यांना मिळालं. शरीराच्या आतलं दिसू लागलं, एवढंच या शोधाचं मोठेपण सांगितलं जातं. दुसऱ्या मताच्या इतिहासात मात्र त्याहून मोठी गोष्ट घडली : दुखणं माणसापासून सुटं झालं. माणूस घरी पडून राहिला आणि त्याचं दुखणं पाकिटात बसून रेल्वेनं गेलं, हे आता शक्य होतं.

गेलं कुठं, हे मात्र राज्य कुणाचं यावर ठरे.

1948 पर्यंत गंगाखेडचा परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मोठी कचेरी, मोठं कोर्ट आणि मोठा दवाखाना, तिन्ही हैदराबादला. 1908 साली मुसी नदीच्या महापुरात तिथलं अफझलगंजचं जुनं रुग्णालय उद्ध्वस्त झालं आणि पुढं नदीकाठीच व्हिन्सेंट एश यांच्या आराखड्यावर उस्मानिया रुग्णालयाची घुमटांची इमारत उभी राहिली. उस्मानिया विद्यापीठात वैद्यकाचं शिक्षणसुद्धा उर्दूतून दिलं जाई. म्हणजे गोदाकाठच्या मराठी शेतकऱ्याचं दुखणं दोनदा भाषांतरित व्हायचं, आधी मराठीतून उर्दूत आणि मग उर्दूतून वैद्यकात. फोटोला मात्र दुभाषा लागत नव्हता. आजही गंगाखेड स्टेशनावरून परळी, उदगीर, बीदर, विकाराबाद असा रुळांचा रस्ता हैदराबादकडे जातो, आणि ‘निम्सला’, म्हणजे हैदराबादच्या मोठ्या रुग्णालयात, ‘दाखवून येऊ’ म्हणणारी कुटुंबं मराठवाड्यात अजून आहेत. राज्यं बदलली तरी रुळांनी लावलेल्या सवयी लवकर सुटत नाहीत.

1956 साली दोन गोष्टी घडल्या. 1 नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याला पुढं सगळा मराठवाडा ‘घाटी’ म्हणू लागला. मोठ्या डॉक्टरची दिशा दक्षिणेकडून पश्चिमेकडे वळली. 1966 साली लातूरला काही ध्येयवेड्या डॉक्टरांनी विवेकानंद रुग्णालय काढलं. 1970 च्या दशकात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आलं. परळीवरून पुढं गेलं की अंबाजोगाई, त्यामुळे गंगाखेडकरांना ते औरंगाबादपेक्षा कितीतरी जवळचं. 1988 साली नांदेडला महाविद्यालय झालं. कर्करोगाची शंका आली की बार्शीचं नाव निघे. तिथं टाटा मेमोरियलच्या मदतीनं ग्रामीण कर्करोगाचं काम चाललं होतं आणि देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 साली तिथंच सुरू झाली. खुद्द परभणीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळायला 2023 उजाडलं. तोवर जिल्ह्यातल्या माणसाला सरकारी महाविद्यालयाच्या प्राध्यापकाचं मत हवं तर जिल्ह्याची हद्द ओलांडावीच लागे.

या सगळ्या मुक्कामांच्या शेवटी मुंबई. परळला 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालेलं टाटा रुग्णालय हे मराठवाड्याच्या बोलीत ‘शेवटचं मत’. तिथं गेलेल्याला बाहेरच्या रिपोर्टवर कुणी भागवू देत नाही, हे गावाला पक्कं माहीत असतं. गाठीचा तुकडा आधी कुठं तपासला असेल तर त्याचे ब्लॉक आणि स्लाइड आणायला सांगतात आणि त्या स्वतः पुन्हा पाहतात. अनेकांना ही दिरंगाई वाटते. खरं तर दुसरं मत हा तिथं उपकार नसून कामाचा पहिला टप्पा आहे. अशा वेळी मुक्काम कुठं, तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत. आजाऱ्यांच्या नातलगांना आसरा हवा हे गाडगेबाबांनी फार आधी ओळखलं होतं.

आता पुन्हा त्या लपवलेल्या रिपोर्टकडे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत क्षयरोग शोधण्यासाठी छातीच्या फोटोंचा धडाका सुरू झाला. कुठल्या आकाराची फिल्म चांगली, हे ठरवण्यासाठी एक समिती बसली. 1,256 माणसांचे चार वेगवेगळ्या पद्धतींनी फोटो घेतले आणि पाच तज्ज्ञांनी ते स्वतंत्रपणे वाचले. 1947 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो फिल्मच्या आकाराबद्दल राहिलाच नाही. वाचणाऱ्यांमधला फरक फिल्ममधल्या फरकापेक्षा मोठा निघाला. सॅन फ्रान्सिस्कोचे रेडिओलॉजिस्ट हेन्री गार्लंड यांनी 1949 साली हेच सूत्र पुढं नेलं : दोष असलेल्या फोटोंपैकी सुमारे एक तृतीयांश फोटोंबाबत एका तज्ज्ञाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं, आणि तोच फोटो त्याच तज्ज्ञापुढं काही काळानं पुन्हा ठेवला, तर सुमारे एक पंचमांश वेळा त्याचं स्वतःशीच पटत नव्हतं. गार्लंड यांच्या व्यवसायबंधूंना हे ऐकून काय वाटलं असेल याची कल्पना करता येते.

यावर संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मी यांचा तोडगा साधा होता. प्रत्येक फोटो दोघांनी वाचायचा, एकमेकांचं मत न पाहता. दोघांची चूक एकाच ठिकाणी होण्याची शक्यता कमी. ‘पहिला रिपोर्ट दाखवू नको’ हेच, फक्त आकडेवारीचा कोट घालून आलेलं.

भारतात ही पद्धत लवकर रुजली, पण पेशंटसाठी नव्हे, सर्वेक्षणासाठी. 1955 ते 1958 या काळात देशात क्षयरोगाची पहिली मोठी नमुना पाहणी झाली. फिरत्या गाड्यांतून गावोगावी छातीचे छोटे फोटो काढले गेले. पाहणीच्या सहा विभागांत हैदराबाद हा एक होता. 1959 साली बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था उभी राहिली. तिच्या पाहण्यांत दोन वाचक एकमेकांपासून स्वतंत्र फोटो वाचत आणि मतभेद झाला तर तिसरा पंच निवाडा करी. पंच हा शब्द खेड्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नव्हती. पण त्याच्या स्वतःच्या फोटोसाठी असा पंच सरकारनं कधी नेमला नाही. तो त्यानंच शोधायचा, पदरच्या खर्चानं.

त्याला तो शोधता आला याचं एक कारण फार क्वचित बोललं जातं. आपल्याकडे फोटो पेशंटच्या घरी जातो. युरोपातल्या काही देशांत आणि अमेरिकेत फिल्म बहुधा दवाखान्याच्या दप्तरात राहायची, पेशंटला मिळायचा तो फार तर कागद. इथं उलट. पैसे दिले, पाकीट घेतलं, निघाले. याला कुणी हक्क म्हटलं नाही, दवाखान्यात फिल्मचे गठ्ठे ठेवायला जागा नव्हती एवढंच त्यामागचं कारण असेल. पण परिणाम मोठा झाला. ज्याच्या हातात फिल्म, तो कुणालाही दाखवू शकतो. घरात मग तिचे इतर उपयोगही निघाले. 24 ऑक्टोबर 1995 च्या सूर्यग्रहणाला डॉक्टर नको नको म्हणत असताना जुन्या फिल्मचे तुकडे कापून पोरांनी आकाशाकडे पाहिलं. फिल्मवर चांदीचा अंश असतो म्हणून भंगारवालेही दारोदार ‘जुने एक्स-रे’ मागत फिरत. आजोबांच्या फुप्फुसाची किंमत किलोवर ठरायची.

फोटो घरी येई, पण दवाखान्यातले कागद येत नसत. भरती असताना काय दिलं, काय आढळलं, हे केसपेपर मागितले की टोलवाटोलवी सुरू. मुंबई उच्च न्यायालयानं 1996 साली यावर स्पष्ट सुनावलं : केसपेपरच्या प्रती रुग्णाला किंवा जवळच्या नातलगाला द्याव्या लागतील, गुप्ततेचं कारण चालणार नाही. त्याच्या आदल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली होती. 2002 च्या वैद्यक परिषदेच्या नियमांत मागणी केल्यापासून 72 तासांत कागदपत्रं देण्याचं बंधन आलं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं 2018 मध्ये रुग्णहक्कांची जी 17 कलमी सनद तयार केली तिच्यात दुसरं मत घेण्याचा हक्क स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. सनद इंग्रजीतून निघाली. गंगाखेडच्या बाजारात अजून ‘दुसरीकडं दाखवलं तर डॉक्टरसायबाला राग येईल का?’ हाच प्रश्न आधी येतो.

रागाची भीती एका बाजूला आणि संशय दुसऱ्या बाजूला. ‘कट’ हा शब्द मराठवाड्यात आता कुणाला समजावून द्यावा लागत नाही. डॉक्टरनं चिठ्ठी लिहायची, तपासणी केंद्रानं त्याचा वाटा पोचवायचा. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावातून आलेले आणि महाडला विंचूदंशावरच्या संशोधनानं जगाला माहीत झालेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना काही वर्षांपूर्वी एका तपासणी केंद्राकडून 1,200 रुपयांचा धनादेश आला. पेशंट पाठवल्याबद्दल. त्यांनी तो खिशात न घालता वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेचे डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी 78 डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन 2015 मध्ये जे मांडलं, त्यातही अनावश्यक तपासण्यांचा आणि कमिशनचा पाढा डॉक्टरांनीच वाचला होता. 2017 मध्ये राज्य सरकारनं माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कटविरोधी कायद्याचा मसुदा करून घेतला. मसुदा तयार झाला, त्यावर चर्चा झडली, डॉक्टरांच्या संघटना तापल्या.

अशा हवेत दुसरं मत हे आजाराबद्दल राहत नाही, पहिल्या डॉक्टरच्या नियतीबद्दल होऊन बसतं. हे दुर्दैवी आहे, कारण फोटो वाचण्यातला फरक हा बहुतेक वेळा बेइमानीतून येत नाही. गार्लंडचे तज्ज्ञ कुणाचाही कट घेत नव्हते.

सोनोग्राफीची गोष्ट वेगळी आणि अधिक काळी. इथं यंत्र आणि ते फिरवणारा हात यांच्यावर सगळं असतं. मागे उरतो तो चकचकीत थर्मल कागदाचा तुकडा, जो उन्हानं आणि वर्षांनी फिका पडत जातो. त्यावर दुसऱ्या डॉक्टरला फारसं काही वाचता येत नाही, तपासणीच पुन्हा करावी लागते. गर्भतपासणीचा गैरवापर ओळखून महाराष्ट्रानं 1988 साली देशात सर्वांत आधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, केंद्राचा कायदा 1994 चा. तरीही 2011 च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 807 मुली उरल्या होत्या. यंत्र शोधत जिल्हे ओलांडण्याच्या सवयीचं हे दुसरं तोंड.

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानं 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमध्ये पहिल्या पेशंटच्या डोक्याचा सीटी स्कॅन केला. मराठवाड्यात हे यंत्र यायला बराच काळ गेला आणि आल्यावर लोकांनी त्याचं नाव ‘शिटी’ करून टाकलं. सीटीचा आणि पुढं एमआरआयचा फोटोही त्याच मोठ्या पाकिटातून येऊ लागला. दिसायला फिल्म तीच, पण तिच्यात एक फसगत होती आणि तिची कल्पना गंगाखेडच्या आजीला असण्याचं कारण नव्हतं. एक्स-रेची फिल्म म्हणजे अख्खा फोटो. सीटीत शेकडो काप असतात. फिल्मवर उतरतात त्यातले निवडक, आणि निवडणारा असतो पहिल्याच केंद्रातला माणूस. म्हणजे रिपोर्ट लपवला तरी पहिल्याचं मत फिल्ममध्ये बसून दुसऱ्याच्या टेबलावर जातंच. जे त्याला महत्त्वाचं वाटलं नाही, ते दुसऱ्याला दिसणारच नाही.

यावरचा उपाय सीडी. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांची भाषा बोलत नसत. 1983 पासून अमेरिकेतले रेडिओलॉजिस्ट आणि यंत्रं बनवणारे एकत्र बसून एक समान मांडणी ठरवू लागले, 1993 साली तिला ‘डायकॉम’ हे नाव मिळालं. त्या सीडीत सगळे काप असतात, उजेड-अंधार कमीजास्त करून पाहता येतात, मापं घेता येतात. दुसरं मत खऱ्या अर्थानं नव्यानं देता येतं ते यावरून. केंद्रात मागितली तर बहुतेक ठिकाणी सीडी मिळते, पण मागावी लागते हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. फोटो आहे ना, मग तबकडी कशाला?

मग इंटरनेट आलं आणि प्रवास उलटा फिरला. 2002 साली बंगळूरला डॉ. अर्जुन कल्याणपूर आणि डॉ. सुनीता माहेश्वरी यांनी टेलिरेडिओलॉजीची कंपनी काढली. अमेरिकेतल्या रात्री काढलेले स्कॅन भारतातल्या दिवसा वाचायचे. 2015 मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मोफत निदान सेवेत टेलिरेडिओलॉजी आली, म्हणजे ग्रामीण रुग्णालयात काढलेला एक्स-रे कुठंतरी दूर बसलेला डॉक्टर वाचणार. 2012 साली कर्करोग रुग्णालयांचं राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड उभं राहिल्यानंतर टाटाच्या तज्ज्ञांचं मत इंटरनेटवरून कागद पाठवून मिळवण्याची सोयही झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये क्षयाच्या चाळणीसाठी छातीचा एक्स-रे माणसाऐवजी संगणकानं वाचायला मान्यता दिली. असे प्रोग्रॅम बनवणारी एक कंपनी, क्युअर डॉट एआय, मुंबईचीच. येरुशाल्मींचा दुसरा वाचक आता यंत्रात बसतो आणि पहिल्याचा रिपोर्ट तो मागतही नाही.

गंगाखेडात मात्र सर्वांत जास्त चालतं ते व्हॉट्सॲप. फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवायची, मागून ऊन येऊ द्यायचं, मोबाइलनं टिपायचं आणि पुण्यात शिकणाऱ्या भाच्याला पाठवायचं. शेकडो कापांतले वीस फिल्मवर आले, वीसातले चार मोबाइलात, त्यात खिडकीचे गज आणि मागचं लिंबाचं झाड. भाचा लिहितो, “मामा, नीट दिसत नाही. सीडी घेऊन या.”

मामा सीडी मागून आणतात. रात्रीच्या गाडीनं निघतात. सकाळी पुण्यात डॉक्टर सीडी उलटसुलट करून बघतात. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची खाचच नसते. मग मामा पिशवीतून पाकीट काढतात, त्यातला छापील कागद हळूच मागे सरकवतात आणि फिल्म पुढं करतात. डॉक्टर ती भिंतीवरच्या पांढऱ्या दिव्यावर लावतात आणि विचारतात, “याचा रिपोर्ट कुठाय?”

“घरी राहिला, डॉक्टरसायब.”